टेबलावर चालतं, चिखलदऱ्यात बंद पडतं : ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टची गाठ



"स्वतःचं छोटं उत्पादन" या मालिकेतल्या कालच्या व्हिडिओत आपण पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर जोडून पाहिला. व्हिडिओत हात भराभर चालतात, आकडे लिहून घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून तोच धडा आज सावकाश, लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा. आजचा विषय इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, पण त्यात धंद्याचे पैसे अडकलेले आहेत.

आधी घडलं काय ते सांगतो

आपल्या वर्गात परतवाड्याकडचा एक मुलगा होता. डिप्लोमा झालेला, हात चांगला, बोलणं गोड. त्यानं टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा कंट्रोलर तयार केला आणि चिखलदऱ्यातल्या पाच होमस्टेवाल्यांना विकला. गिऱ्हाईक त्यानं बरोबर हेरलं होतं. चिखलदऱ्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. पण उन्हाळा आला की पाण्याची ओढाताण सुरू. टँकरचं पाणी खालच्या टाक्यात घ्यायचं, मोटरनं वर चढवायचं, आणि वरची टाकी वाहून जाऊ द्यायची नाही. त्यात शनिवार-रविवारी पाहुण्यांनी खोल्या भरलेल्या.

बोर्ड त्यानं ईएसपी३२ घेतला, कारण मालकाला मोबाईलवर टाकी किती भरली ते दिसायला पाहिजे. टाकीवर जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यानं खराब न होणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. मोटरसाठी ५ व्होल्टचा रिले मॉड्यूल. समोर छोटा एलसीडी डिस्प्ले. पहिला नग घरच्या टेबलावर आठ दिवस चालवला. एकदाही अडला नाही. मग त्याच नमुन्यावर आणखी चार जोडले. फक्त एका नगासाठी रिले मॉड्यूल दुसऱ्या दुकानातून आणला. दिसायला अगदी तसाच.

पुढे काय झालं?

पहिला फोन बसवला त्याच रात्री. "भाऊ, टाकी भरली तरी मोटर बंदच नाही होऊन राहिली." सकाळी पाहतो तर टँकरचं विकतचं पाणी गच्चीवरून अंगणात गेलेलं, खालचं टाकं रिकामं, मोटर कोरडी फिरून तापलेली. हा दुसऱ्या दुकानातल्या रिलेचा नग.

दुसरा फोन तीन आठवड्यांनी. सेन्सर काही केल्या वाचत नव्हता. सेन्सर बदलला, तरी तेच. शेवटी कळलं, बोर्डाची पिनच गेलेली.

तिसरा फोन डिस्प्लेचा. मोटर सुरू झाली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं.

तीन तक्रारी, तीन वेळा घाट चढणं-उतरणं, आणि मूळ कारण एकच. ५ व्होल्टची वस्तू आणि ३.३ व्होल्टची वस्तू मधे काही न घालता थेट तारेनं जोडलेली होती.

दोन वेगळे व्होल्टेज आलेच कुठून?

डिजिटल वस्तू एकमेकींशी दोनच शब्द बोलतात, "हो" आणि "नाही". तारेवर जास्त व्होल्टेज म्हणजे "हो", शून्याजवळ म्हणजे "नाही". प्रश्न असा की "जास्त" म्हणजे किती?

१९६० च्या दशकात टीटीएल नावाच्या चिप आल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ७४०० मालिका त्यातली सगळ्यात गाजलेली. त्या ५ व्होल्टवर चालायच्या आणि पुढची कित्येक वर्षं ५ व्होल्ट हाच रिवाज झाला. आपण बाजारातून आणतो ते सेन्सर, रिले, डिस्प्ले बहुतेक त्याच रिवाजातले. अर्डुइनो उनोसुद्धा ५ व्होल्टचा.

नंतर चिपमधले ट्रान्झिस्टर बारीक होत गेले. बारीक ट्रान्झिस्टरला ५ व्होल्ट सोसत नाही. शिवाय चिप "हो-नाही" करताना जी वीज खाते, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ वरून ३.३ वर आलात तर ३.३ × ३.३ भागिले ५ × ५, म्हणजे सुमारे ०.४४. बाकी सगळं सारखं असेल तर निम्म्याहून कमी वीज. म्हणून वाय-फाय असलेले नवे बोर्ड ३.३ व्होल्टचे आले.

आता तुमच्या डब्यात दोन पिढ्या एकत्र नांदतात. मेळघाटातल्या बाजारात कोरकू बोलणारी आजी आणि वऱ्हाडी बोलणारा दुकानदार यांचा सौदा कधी नुसत्या खुणांवरही होतो. पण हिशेब मोठा असला की मधे दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. आपल्या सर्किटमध्ये त्या माणसाचं नाव लेव्हल शिफ्टर.

डेटाशीटमधले चार आकडे

डेटाशीट शंभर पानांची असली तरी या कामाला चारच आकडे लागतात. बोलणाऱ्याचे दोन आणि ऐकणाऱ्याचे दोन.

१. बोलणारा "हो" म्हणताना कमीत कमी किती व्होल्ट देतो?
२. बोलणारा "नाही" म्हणताना जास्तीत जास्त किती व्होल्ट सोडतो?
३. ऐकणाऱ्याला "हो" समजायला कमीत कमी किती लागतात?
४. ऐकणाऱ्याला "नाही" समजायला जास्तीत जास्त किती चालतात?

याशिवाय पाचवा, जिवावरचा आकडा: ऐकणाऱ्याची पिन जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसते?

आता आपल्या वस्तूंचे आकडे लिहून घ्या.

- ईएसपी३२, पुरवठा ३.३ व्होल्ट: "हो" म्हणताना किमान २.६४ व्होल्टची हमी. "हो" ऐकायला २.४८ च्या आसपास लागतात. "नाही" ऐकायला ०.८२ च्या खाली पाहिजे. पिनवर ३.६ च्या वर जायचं नाही.
- अर्डुइनो उनोवरची चिप, ५ व्होल्ट: "हो" ऐकायला ३.० व्होल्ट, "नाही" ऐकायला १.५ च्या खाली.
- डिस्प्लेच्या पाठीवरची पीसीएफ८५७४ चिप, ५ व्होल्ट: "हो" ऐकायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट.
- ७४एचसी मालिका, ५ व्होल्ट: तिलाही ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट.
- ७४एचसीटी मालिका, ५ व्होल्ट: "हो" ऐकायला फक्त २.० व्होल्ट.

शेवटच्या दोन ओळी परत वाचा. एचसी आणि एचसीटी, नावात एकाच अक्षराचा फरक. दुकानदार म्हणेल, "एकच आहे, घेऊन जा." एकच नाही. ३.३ व्होल्टचं बोलणं एचसीटीला स्पष्ट ऐकू येतं, एचसीला हमीनं ऐकू येत नाही.

मग टेबलावर कसं काय चाललं?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. "सर, आकडा ३.५ म्हणतो, आपण ३.३ देतो, तरी डिस्प्ले चालतो."

चालतो, कारण ३.५ ही कंपनीची हमी आहे. प्रत्यक्षात ती चिप बहुतेक वेळा अडीच व्होल्टच्या आसपासच "हो" समजते. पण कोणता नग किती व्होल्टला समजेल, थंडीत किती, गरम डब्यात किती, याची जबाबदारी कंपनी घेत नाही. तुम्ही हमीच्या बाहेर काम करता तेव्हा ती जबाबदारी तुमच्या अंगावर येते.

उदाहरणाला अर्डुइनो उनो घ्या. त्याला ३.० व्होल्ट लागतात, आपण ३.३ देतो. हातात ०.३ व्होल्टची शिल्लक. आता अडॅप्टर ५ ऐवजी ५.२ व्होल्ट देतो असं धरा. उनोची गरज ०.६ × ५.२ = ३.१२ झाली. वाय-फाय सुरू झाल्यावर ईएसपी३२ चा पुरवठा थोडा बसून ३.२ झाला. शिल्लक उरली ०.०८ व्होल्ट. त्यात शेजारून मोटरची तार जाते, मोटर सुरू होताना झटका मारते. ०.०८ व्होल्ट कुठल्या कुठे जातात.

टेबलावर ही मोटर नव्हती, लांब तार नव्हती, अडॅप्टर चांगला होता. म्हणून टेबलावर चाललं. "चालतंय" हा एका दिवसाचा अनुभव असतो, गिऱ्हाईक मात्र दोन वर्षांसाठी पैसे मोजतं.

दिशा पहिली: ५ कडून ३.३ कडे

आपला सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि उत्तराची पिन, जिला इको म्हणतात, ५ व्होल्टचा सिग्नल देते. ईएसपी३२ ची मर्यादा ३.६. दर मापाला पिनला मार बसत राहिला आणि तीन आठवड्यांत ती गेली. बाकीच्या चार बोर्डांवर ती अजून शाबूत होती, एवढंच.

उपाय दोन रेझिस्टरचा. इको पिनपासून १ किलोओहम, त्याच्या पुढे १.८ किलोओहम ग्राउंडला. दोघांच्या मधल्या जागेवरून ईएसपी३२ ला तार.

हिशेब करा: ५ × १.८ ÷ २.८ = ३.२१ व्होल्ट. अडॅप्टरनं ५.२५ दिले तरी ३.३८, म्हणजे मर्यादेच्या आत. "हो" समजायला २.४८ लागतात, तेही भरपूर सुटतात.

बरेच जण १ आणि २ किलोओहम लावतात. ५ व्होल्टला ३.३३ येतात, चालतं. पण ५.२५ ला ३.५ होतात, मर्यादेच्या अगदी काठावर. म्हणून मी १.८ सांगतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेझिस्टरची ही जोडी फक्त खाली आणते, वर नेत नाही. आणि ती मंद सिग्नलला चांगली. मेमरी कार्डासारख्या वेगवान तारांना नको. तिथं ७४एलव्हीसी२४५ सारखी चिप ३.३ व्होल्टवर चालवा. तिच्या पिना ५ व्होल्ट सोसतात आणि पुढं स्वच्छ ३.३ देतात.

दिशा दुसरी: ३.३ कडून ५ कडे

इथं ऐकणाऱ्याला धोका नसतो, पण त्याला नीट ऐकू येत नाही. साध्या सिग्नलसाठी ७४एचसीटी१२५ किंवा ७४एएचसीटी१२५ घ्या. चिपला ५ व्होल्टचा पुरवठा द्या. आत ३.३ चा "हो" टाका, बाहेर ५ चा "हो" येतो. एका चिपमध्ये चार वाटा असतात. न वापरलेल्या वाटांच्या इनपुट पिना मोकळ्या सोडू नका, ग्राउंडला बांधा. रंगीत एलईडी पट्टी मधेच लुकलुकते त्या तक्रारीवर पहिला उपाय हाच, कारण डब्ल्यूएस२८१२बी पट्टीलाही ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात.

रिलेचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि आपलं पाणी तिथंच वाहून गेलं. नीट समजून घ्या.

काही स्वस्त रिले मॉड्यूल "नाही" दिल्यावर चालू होतात आणि "हो" दिल्यावर बंद होतात. त्यांच्यातल्या काहींमध्ये आत एक पीएनपी ट्रान्झिस्टर असतो, त्याचं एक टोक ५ व्होल्टला बांधलेलं. तो बंद व्हायला पिन ५ व्होल्टच्या अगदी जवळ, साधारण अर्ध्या व्होल्टच्या अंतरात यायला पाहिजे. उनो ५ व्होल्ट देतो, रिले सुटतो. ईएसपी३२ देतो ३.३. मधे १.७ व्होल्ट शिल्लक राहतात आणि ट्रान्झिस्टर चालूच राहतो. प्रोग्राम म्हणतो "बंद", मोबाईलवर दिसतं "बंद", आणि मोटर चालूच.

पहिल्या दुकानातल्या मॉड्यूलमध्ये ऑप्टोकपलर होता. त्याच्या आतला दिवा आणि बाहेरचा खुणेचा दिवा मिळून १.७ व्होल्टपेक्षा जास्त खातात, म्हणून तो सुटायचा. दुसऱ्या दुकानातल्यात ऑप्टोकपलर नव्हता. रंग तोच, मापं तीच, आतलं काळीज वेगळं.

यावर माझा उपाय म्हणजे रिले स्वतः चालवा. ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल सुमारे ७० ओहमची असते, म्हणजे ७१ मिलिअँपिअर लागतात. ईएसपी३२ च्या पिनचं हे काम नाही. मधे बीसी५४७ सारखा एनपीएन ट्रान्झिस्टर लावा आणि बेसला ४७० ओहम द्या. ३.३ मधून ०.७ वजा केले की २.६ उरतात, भागिले ४७०, म्हणजे साडेपाच मिलिअँपिअर. ७१ ला साडेपाचनं भागलं की १३. एवढ्या प्रमाणात ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका, नाहीतर कॉइल सुटताना मारलेला झटका ट्रान्झिस्टर खाईल. बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम लावा, म्हणजे बोर्ड जागा होताना रिले उगाच टक-टक करणार नाही.

रिले जास्त असतील तर यूएलएन२००३ए चिप घ्या. तिच्यात सात वाटा आहेत, डायोड आतच आहेत आणि ३.३ व्होल्टचा "हो" तिला या कामासाठी पुरतो.

अजून एक. या छोट्या रिलेवर पाण्याची मोटर थेट चालवायची नाही. रिलेनं कॉन्टॅक्टर चालवायचा, कॉन्टॅक्टरनं मोटर. आणि २३० व्होल्टची बाजू परवाना असलेल्या वायरमनकडूनच जोडून घ्यायची. तिथं चूक झाली तर माणूस जातो.

दिशा तिसरी: जाणं-येणं एकाच तारेवर

डिस्प्ले आय-स्क्वेअर-सी पद्धतीनं बोलतो. त्या तारेवर दोघंही बोलतात. "हो" कुणीच ढकलून देत नाही. पुल-अप रेझिस्टर तार वर ओढून ठेवतो आणि ज्याला बोलायचं तो ती खाली ओढतो.

डिस्प्लेच्या पाठीवरचे पुल-अप ५ व्होल्टला बांधलेले होते. म्हणजे ईएसपी३२ च्या पिनवर ५ व्होल्टची ओढ. आपल्या मुलाला कुणीतरी सांगितलं, "ते दोन रेझिस्टर काढून टाक, बोर्ड वाचेल." त्यानं काढले आणि ३.३ ला नवे लावले. बोर्ड वाचला हे खरं. पण आता डिस्प्लेला ३.५ ऐवजी ३.३ मिळायला लागले. मोटर सुरू झाली की अक्षरांचा खिचडा. सल्ला चुकीचा नव्हता, अर्धा होता.

पूर्ण उपाय स्वस्त आहे. बीएसएस१३८ नावाचा बारीक मॉसफेट आणि दोन रेझिस्टर, प्रत्येक तारेला एक जोडणी. ही युक्ती १९९७ मध्ये फिलिप्स कंपनीच्या एका तांत्रिक टिपणात आली. आय-स्क्वेअर-सी पद्धतही फिलिप्सचीच. आज बाजारात "चार चॅनल लेव्हल शिफ्टर" म्हणून जो टिकलीएवढा बोर्ड मिळतो, त्यावर हीच जोडणी चारदा केलेली असते.

काम कसं करते ते पाहा. मॉसफेटचा गेट ३.३ ला बांधलेला. सोर्स ३.३ च्या बाजूच्या तारेला, ड्रेन ५ च्या बाजूच्या तारेला. दोन्ही बाजूंना १० किलोओहमचा आपापला पुल-अप.

- कुणीच बोलत नाही: सोर्स ३.३ वर, गेटही ३.३ वर, फरक शून्य. मॉसफेट बंद. एक बाजू ३.३ वर, दुसरी ५ वर, दोघी आपापल्या घरी सुखी.
- ईएसपी३२ नं तार खाली ओढली: गेट आणि सोर्समध्ये ३.३ चा फरक पडला. मॉसफेट उघडला, ५ ची बाजूही खाली आली.
- डिस्प्लेनं तार खाली ओढली: मॉसफेटच्या आतल्या डायोडमधून सोर्स खाली खेचला जातो, फरक वाढतो, मॉसफेट उघडतो आणि ३.३ ची बाजू पूर्ण खाली येते.

दिशा सांगावी लागत नाही. मर्यादा एकच, "हो" हा पुल-अपच्या ओढीनं सावकाश वर येतो. आय-स्क्वेअर-सीच्या साध्या वेगाला आणि आखूड तारेला ठीक. मीटर-मीटर लांब तारेला नाही.

बाजारात टीएक्सबी०१०८ नावाची आपोआप दिशा ओळखणारी चिपही मिळते. ती दोन्हीकडून ढकलणाऱ्या सिग्नलसाठी आहे आणि तिची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते. आय-स्क्वेअर-सीला आणि लांब तारेला ती वापरू नका. नाव पाहून नाही, काम पाहून चिप घ्या.

सगळ्यात चांगला शिफ्टर म्हणजे न लागणारा

खरेदी करतानाच विचारा, "हा ३.३ वर चालतो का?" घड्याळाची डीएस३२३१ चिप ३.३ वर चालते. मेमरी कार्ड तर मुळातच ३.३ चं. जिथं ३.३ ची वस्तू मिळते तिथं तीच घ्या. एक जोड कमी, एक तक्रार कमी.

आणि टाकी वीस-तीस मीटर लांब असेल तर ५ असो की ३.३, साधा सिग्नल एवढा लांब पाठवूच नका. आरएस-४८५ वापरा. ३.३ व्होल्टसाठी मॅक्स३४८५ चिप मिळते. दोन तारांमधला फरक वाचण्याची पद्धत असल्यामुळे मोटरचा झटका दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि बराचसा वजा होऊन जातो.

विकण्याआधीची तपासणी

ही यादी छापून टेबलासमोर चिकटवा.

१. सगळ्यांचा ग्राउंड एक आहे का? दोन वेगळे अडॅप्टर असतील आणि ग्राउंड जोडलेला नसेल तर वरचं सगळं फुकट.
२. रेझिस्टरची जोडी बोर्डाला जोडण्याआधी तपासा. वरच्या टोकाला ५ व्होल्ट द्या, मधल्या जागेवर मल्टिमीटर लावा. ३.२ च्या आसपास दिसले की मगच बोर्ड जोडा.
३. पुरवठा ४.७५ आणि ५.२५ करून दोन्ही वेळा सगळं चालवून पाहा.
४. चालू करणं तपासता तसं बंद होणंही तपासा. खऱ्या मोटरवर, पन्नास वेळा. आपला मुलगा मोटर सुरू झालेली पाहून हात जोडून घाट उतरला होता. टाकी भरेपर्यंत तासभर थांबला असता तर ते पाणी वाचलं असतं.
५. वीज घालवा, परत आणा. जागं होताना रिले उडतो का?
६. सेन्सरला वीज आहे आणि बोर्डाला नाही, असं कधी होतं का? झालं तर सिग्नलच्या तारेतून बोर्डात चोरून वीज शिरते. दोघांना एकाच पुरवठ्यावर ठेवा.
७. दुसऱ्या दुकानातून आणलेला प्रत्येक मॉड्यूल नवा समजा. एक नग उघडून, आतली चिप वाचून, मगच बाकीचे घ्या.

आता धंद्याचा हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या भागातले भाव टाकून परत करा.

प्रत्येक नगाला रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, डायोड आणि शिफ्टर बोर्ड मिळून ४० रुपये धरू. पाच नगांचे २०० रुपये.

परतवाडा ते चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६०. गाडीचं पेट्रोल १४० रुपये धरा, अर्ध्या दिवसाची मजुरी ४०० धरा. एका फेरीचे ५४०. तीन फेऱ्यांचे १,६२०. त्यात जळालेला बोर्ड आणि गिऱ्हाइकाचं वाहून गेलेलं पाणी धरलेलंच नाही.

२०० रुपये वाचवायला १,६२० गेले. पण हा त्यातला छोटा तोटा. चिखलदरा लहान गाव आहे. एका होमस्टेवाल्याची गच्ची वाहिली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत. पुढचे गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार की नाही, ते तिथंच ठरतं.

म्हणून भाव सांगताना दोन गोष्टी आधीच धरा. एक, योग्य जोडणीचा खर्च. दोन, वर्षात एका फेरीचा खर्च. ते धरून भाव परवडत नसेल तर तो भाव खोटा आहे. आणि प्रत्येक नगावर क्रमांक व तारीख लिहा, वहीत त्याच्यासमोर कोणत्या दुकानातला कोणता मॉड्यूल ते नोंदवा. आपल्या मुलाकडे ही वही नव्हती. कोणत्या होमस्टेत कोणता रिले आहे ते शोधायला त्याला पाचही डबे उघडावे लागले.

पुढं त्यानं काय केलं

तीन नग त्यानं दुरुस्त केले. उरलेले दोन व्यवस्थित चालत होते. मला विचारलं, "सर, तेही काढू का?" मी म्हटलं, तूच ठरव, पण चार आकडे समोर ठेवून ठरव. तो दुसऱ्या दिवशी वर गेला.

एका मालकानं विचारलं, "आमचं तर चांगलं चालून राहिलं बाप्पा, कायले खोलतं?"

तो म्हणाला, "काका, आज चालून राहिलं हे खरं. पण आत एक जोडणी माझ्या हातून चुकली आहे. उद्या पाहुणे भरले असताना बंद पडलं तर मी वेळेवर पोचू शकणार नाही. आजच बदलून देतो, पैसे नाही लागत."

काकांनी डबा काढू दिला. ज्याच्याकडचं पाणी वाहिलं होतं, त्याला त्यानं एका टँकरचे पैसे स्वतःहून कापून दिले. त्या महिन्यात हातात काहीच उरलं नाही, हेही सांगतो. धंदा गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण पाचही गिऱ्हाईकं टिकली, आणि सहाव्या नगाची चौकशी त्याच काकांच्या शेजारच्यानं केली.

तुमचा गृहपाठ

तुमच्या टेबलावर आत्ता जो प्रोजेक्ट आहे, तो घ्या. त्यातली प्रत्येक तार वहीत काढा. प्रत्येक तारेच्या एका टोकाला बोलणाऱ्याचे दोन आकडे लिहा, दुसऱ्या टोकाला ऐकणाऱ्याचे दोन आणि पिन सोसते तो पाचवा. आकडे डेटाशीटमधून घ्या, अंदाजानं नको. जिथं जुळत नाही तिथं लाल खूण करा. लाल खुणा संपल्या की मगच पहिला नग विका.

पुढच्या भागात याच कंट्रोलरचा डबा पाहू: चिखलदऱ्याच्या धुक्यात आणि पावसात आत पाणी धरणार नाही असा. तोपर्यंत वही पूर्ण करा. भेटू.